रुपाबाईचा ओठ

रुपाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचा चेहरा नाकापर्यंतच होता. नाकाखाली जे होतं ते सुजून, फुटून, काळंलाल होऊन एकच झालेलं. ओठ कुठे संपतो आणि हनुवटी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. कारंज्याच्या आमच्या दुकानाच्या पायरीवर ती बसली होती आणि तोंडाला कापड लागू नये म्हणून ओढणी दोन्ही हातांनी चेहऱ्यापासून लांब धरली होती. सोबत एक म्हातारी होती. अंगात आरसे लावलेली कांचळी, हातात कोपरापर्यंत पांढरे चुडे.

म्हातारी म्हणाली, "धापूबाई कोन आहे? आमाले धुतलेलं तूप पायजे."

धापूबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं दुकान किराण्याचं, पण अर्धी भिंत जडीबुटीच्या डब्यांनी भरलेली. माझे यजमान देवेंद्रकुमार गल्ल्यावर बसत आणि सासूबाई आतल्या खोलीत तांब्याची परात पुढ्यात घेऊन. परातीत गाईचं तूप घ्यायचं, त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं आणि तांब्याच्या बुडानं घोटत राहायचं. पाणी गढुळलं की ओतून द्यायचं, नवं घ्यायचं, पुन्हा घोटायचं. तूप हळूहळू पांढरं होतं, लोण्यासारखं फुगतं, त्याचा वास जातो. "शंभरदा धुवायचं म्हणतात, मी मोजत नाही," सासूबाई सांगत. "बोटाला गार लागलं की झालं." त्यात ज्येष्ठमधाची कपड्यानं गाळलेली पूड आणि चिमूटभर कात घालून त्या डब्या भरून ठेवत. कुणी म्हणालं की अमक्या वैद्यानं मधात द्यायला सांगितलंय, तर त्या म्हणत, "आम्ही जैन. मध आमच्या घरात येत नाही. तुपावर भागवा."

हे औषध मुख्यतः ओठांसाठी. अंगातला ताप जाता जाता ओठावर मुतून जातो असं आमच्याकडे म्हणतात, म्हणून त्या फोडांना लोक 'ताप मुतला' म्हणतात. कुणी म्हणतं, झोपेत कोळी मुतला. उन्हाळ्यात तर दर बाजारी कुणी ना कुणी ओठ धरून यायचंच. सासूबाई कुणालाही खोटी आशा देत नसत. "यानं जात नाही. ते आपल्या वेळेनं जाते. आग कमी होईल आणि खपली फाटणार नाही, एवढंच," असं सांगूनच डबी हातात ठेवत.

त्या दिवशी मात्र त्यांनी डबी उचललीच नाही. रुपाबाईची हनुवटी बोटानं वर केली, उजेडाकडे फिरवली आणि म्हातारीला विचारलं, "हा ताप नाही. काय लावलं?"

म्हातारीनं मान खाली घातली. "बिबा," ती म्हणाली. "माह्या पोरानं लावला."

पुढची हकिकत मला रुपाबाईनं तुकड्यातुकड्यांनी सांगितली, काही त्या म्हातारीनं, हिरीबाईनं सांगितली. जोडून सांगते.

रुपाबाई मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. लहानपणापासून मारकुटी. बारा-तेरा वर्षांची असताना मायबरोबर जळतणाची मोळी घेऊन येत होती, वाटेत जंगलाचा नाकेदार आडवा आला. त्यानं मोळी ओढली, माय पडली, तशी पोरीनं नाकेदाराच्या अंगठ्याला दात लावले. त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या कानशिलात मारलं, पाठीत मारलं, केस ओढले, तरी तिनं सोडलं नाही. तोंडात रक्त आलं ते त्याचं की आपलं, हे तिला कळलं नाही. शेवटी मायनंच तिचा जबडा उघडला. मोळी घरी आली. त्या रात्री तिला ताप भरला, आणि ताप उतरताना खालच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर पाण्याच्या पुळ्यांचा पुंजका उठला. तो पहिला.

मग ते तिच्या पाठीस लागलं. ऊन फार झालं, सर्दी झाली, जागरण झालं, की त्याच जागी आधी मुंग्या येत, मग चणचण, मग मोहरीएवढ्या पुळ्या. त्या फुटत, चिकट पाणी येई, खपली धरे, हसलं की खपली फाटे. मायनं लोण्यात कात कालवून लावला. शेजारणीनं सांगितलं, सकाळी उठल्याउठल्या तोंड न धुता आपलीच थुंकी लाव. कुणी सांगितलं, कानातला मळ लाव. तिनं तुरटी लावून पाहिली, विडीची राख लावून पाहिली, एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून चुना लावला आणि दिवसभर ओरडत फिरली. लग्न होऊन सासरच्या तांड्यावर आली तेव्हा सासूनं, हिरीबाईनं, नवाच उपाय सांगितला. "बिब्याले सुई टोच, दिव्यावर धर, तेलाचा एक ठिपका दे. मुळासकट जळून जाते."

"तुह्या टाचेले लाव तो बिबा," सून म्हणाली. "माह्या तोंडाले नाही."

दोघींचं असंच होतं. भांडायच्या आणि एकाच ताटात जेवायच्या.

नवरा सोमला. अंगानं दणकट, बोलायला कमी. पिऊन आला की अधिकच गप्प होई, आणि त्या गप्प बसण्याची रुपाबाईला भीती वाटे. दोनदा त्यानं तिला मारलं होतं. दोन्ही वेळा तिनंही त्याला मारलं होतं. हिरीबाई म्हणायची, माझा पोरगा वाईट नव्हता. रुपाबाई त्यावर म्हणायची, "चांगला असता तर मले आंधी इचारलं असतं."

बहात्तरचा दुष्काळ पडला. शेतात काही उरलं नाही, तसा सगळा तांडा सरकारी कामावर खडी फोडायला गेला. उघडा माळ, झाड नाही, दगड तापून चटके देणारे. बायका रांगेनं बसत, हातोडीनं दगड फोडत, पुरुष पाट्या वाहत. हजेरी घ्यायला मुकादम होता जगदेव, दुसऱ्या गावचा. पांढरं धोतर, तेल लावलेल्या मिशा. कुणाचा ढीग भरला आणि कुणाचा नाही हे तोच ठरवी, त्यामुळे त्याच्या तोंडावर कुणी बोलत नसे. बायकांच्या रांगेमागून चालताना त्याचा हात कुणाच्या पाठीला, कुणाच्या कमरेला लागून जाई. बायका अंग चोरून घेत आणि दगड फोडत राहत.

एका दुपारी रुपाबाई मुरमाच्या ढिगामागे पाणी प्यायला गेली. जगदेव मागोमाग आला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि दुसरा हात कांचळीत घातला.

ती ओरडली नाही. तिच्या हातात हातोडी होती. लोखंड मारलं असतं तर तो तिथंच मेला असता, हे तिला त्या घाईतही उमगलं. तिनं हातोडी उलटी फिरवली आणि दांडा त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, दात हलला, पांढऱ्या धोतरावर रक्त सांडलं. तो खाली बसला. ती पाणी न पिताच परत येऊन दगड फोडू लागली. घाव चुकत होते आणि दगडाच्या कपच्या तिच्याच नडगीवर येत होत्या.

जगदेवनं सगळ्यांना सांगितलं, दगडावर पाय घसरून पडलो. रुपाबाईनंही कुणाला सांगितलं नाही. सोमलाला सांगावं तर तो एक तर जगदेवला मारील नाहीतर तिला, आणि दोन्हींत काम जाईल. तिला वाटलं, आपण मारलं, त्यानं खाल्लं, मिटलं.

पण ऊन होतं, मनाला घोर होता, आणि ओठाला मुंग्या येऊ लागल्या. सकाळी उठली तर त्याच कोपऱ्यावर पुळ्यांचा पुंजका. तिकडे जगदेवच्या ओठालाही उजव्या बाजूलाच काळी खपली. दोघांचे ओठ समोरासमोर आले तेव्हा पाणी वाटणारा रामधन मोठ्यानं म्हणाला, "काय मुकादम, एकाच गिलासातलं पेल्यावानी दिसून राह्यलं!"

पुरुष हसले. काही बायकाही हसल्या. जगदेवला तिथं एक शब्द बोलून ते संपवता आलं असतं. तो बोलला नाही. हसला आणि मिशीवरून हात फिरवला. एका बाईच्या हातचा मार खाल्ला हे सांगण्यापेक्षा त्याला हे बरं वाटलं.

सोमला पाटी घेऊन तिथंच उभा होता.

त्या संध्याकाळी तो पिऊन आला. उजेड अजून होता. रुपाबाई चुलीशी भाकर थापत होती. हिरीबाई शेळी बांधायला बाहेर गेली होती. सोमलानं दिवळीतला बिबा काढला, आईनं टाचेच्या भेगांसाठी ठेवलेला. त्याला सुई टोचली आणि चुलीतल्या निखाऱ्यावर धरला. बिबा चरचरला, काळं तेल सुटायला लागलं.

"कोनाच्या टाचेले?" रुपाबाईनं विचारलं.

"तुह्या ओठाले दवाई," तो म्हणाला. "ज्याचं आहे त्याचं त्याले परत देऊ."

तिला कळलं आणि ती उठली, पण त्यानं केस धरले. तिनं हातातला पिठाचा गोळा त्याच्या डोळ्यांवर मारला, लाथ मारली, परात उडाली. ती म्हणत होती, "म्या मारलं त्याले! दांडा मारला! इचार त्याले!" तो ऐकत नव्हता. त्यानं तिला जमिनीवर पाडलं, छातीवर गुडघा ठेवला, एका हातानं कपाळ दाबून धरलं आणि गरम बिबा तिच्या ओठांवर घासला. खालच्या, मग वरच्या, मग मान हलली तशी हनुवटीवर, गालावर. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं, म्हणून तेल आत गेलं नाही. एवढंच तिचं नशीब. किंचाळताही येईना, कारण किंचाळायला तोंड उघडावं लागलं असतं.

हिरीबाई आत आली ती आवाज ऐकून. तिनं काय पाहिलं ते ती मला सांगायची तेव्हा दरवेळी तिथं थांबायची. चुलीजवळची लोखंडी फुकणी तिनं उचलली आणि पोटच्या पोराच्या डोक्यात घातली. तो वळला तशी दुसरी खांद्यावर. तो आडवा झाला. तिसरी तिनं तो आडवा झाल्यावर मारली.

रातोरात रुपाबाईचा चेहरा फुगला. सकाळी डोळे उघडेनात. दवाखान्यात नेलं तिथं जांभळं औषध लावलं, सुई दिली. तिथल्याच कंपाउंडरनं हिरीबाईला सांगितलं, आग फार आहे, कारंज्याला धापूबाईकडे धुतलेलं तूप मिळते, तेही लाव. म्हणून त्या दोघी एसटीनं आमच्या पायरीवर आल्या होत्या.

सासूबाईंनी दोघींना घरातच ठेवून घेतलं आणि आधी खोबरं आणि तीळ वाटायला घेतले. बिबा उतून कातडी फुगली की आमच्याकडे हेच पहिलं. तो लगदा थापून ठेवला, तो सुकला की काढला, परत थापला. आग जरा बसल्यावर तूप सुरू केलं. त्यात कात नाही, ज्येष्ठमध नाही, नुसतं धुतलेलं गार तूप, पीस फिरवल्यासारखं अलगद. बोट लागलं की रुपाबाईचे पाय ताठ होत, पण ती आवाज करत नसे. दुधात पाणी घालून सुती कापडाच्या वातीनं आम्ही तिच्या तोंडात थेंब थेंब सोडत होतो.

बोलता येऊ लागल्यावर पहिलं वाक्य ती बोलली ते असं: "मले त्याले मारायचं आहे."

"नवऱ्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"मुकादमाले. हासला तो. त्याच्या हासण्यानं झालं हे."

सासूबाई मुंगी चिरडू नये म्हणून पाऊल बघून टाकणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मारून तुझं तोंड बरं होणार आहे का?"

"तोंड तुमी बरं करून राह्यल्या ना," रुपाबाई म्हणाली. "बाकीचं मी पाहतो."

सासूबाईंनी परात पुढं ओढली आणि घोटत बसल्या. रागावल्या की त्या जोरात घोटत. त्या दिवशी पाणी उडून भिंतीपर्यंत गेलं.

खपल्या पडल्या. खालचा ओठ उजवीकडून खाली ओढला गेला, हनुवटीवर चकचकीत काळपट डाग राहिला. मी तिला आरसा दिला नव्हता. तिनं कांचळीच्या एका आरशात तुकड्यातुकड्यानं बघून घेतलं. मग म्हणाली, "जाऊन येतो." हिरीबाई तिच्याबरोबर निघाली.

कामावर त्या दोघी पोचल्या तेव्हा हजेरी चालू होती. सगळी माणसं एका जागी उभी होती, सोमलाही होता, डोक्याला फडकं बांधून. रुपाबाई सरळ जगदेवपुढे जाऊन उभी राहिली आणि ओढणी मागे टाकली. ज्यांनी तिला तोवर पाहिलं नव्हतं त्यांच्यात गलका झाला आणि लगेच थांबला.

"सांग," ती म्हणाली. "तुहा ओठ कायनं फाटला?"

"पडलो म्हनलं ना तवाच," जगदेव म्हणाला.

"खोटं. सांग."

तो इकडेतिकडे पाहू लागला आणि पुन्हा हसला. कदाचित घाबरूनच हसला असेल. पण रुपाबाईला तेच हसू दुसऱ्यांदा दिसलं. तिनं जवळच्या बाईच्या हातातली हातोडी घेतली आणि दांडा त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो कोसळला. तो उठायच्या आत हिरीबाई त्याच्या पोटावर बसली आणि दोन्ही हातांनी त्याच्या मिशा धरल्या. "बोल रे!"

मग जे झालं ते दोघींच्या हातात राहिलं नाही. ज्या बायका इतके महिने अंग चोरून दगड फोडत होत्या त्या उठल्या. कुणी पाटी उलटी करून मारली, कुणी खडीची मूठ तोंडावर, कुणी नुसत्या चुड्यांनी. चुडे फुटले, त्यांच्या कडांनी त्याचे गाल चिरले. पुरुष मध्ये आले नाहीत. रामधन लांब पळाला. जगदेव ओरडू लागला, "म्या हात लावला! म्या धरलं तिले! तिनं मारलं मले, तिनं मारलं!" तरी मार थांबेना. कुणीतरी मोठा दगड उचलला, तेव्हा रुपाबाईच आडवी आली.

"दगड नोका! मरू देऊ नोका त्याले," ती म्हणाली. "बोलाले ठेवा. आनखी एकदा बोल. मोठ्यानं."

जगदेव पुन्हा बोलला. रडत, रक्त गिळत, सगळ्यांपुढे. सोमला ऐकत होता. त्याच्या हातातून पाटी गळून पडली असं हिरीबाई सांगे. रुपाबाईनं तिकडे पाहिलंही नाही. जगदेवला गाडीत घालून नेलं. चालताना तो पुढे कायमचा लंगडला, आणि त्या कामावर परत आला नाही. पोलीस येऊन विचारून गेले. कुणी मारलं, तर सगळ्या बायका म्हणाल्या, आम्ही.

तिथून ती तांड्यावर गेली नाही. आमच्याकडे आली आणि सासूबाईंना म्हणाली, "काम द्या. परात मी घोटतो." सासूबाईंना सगळं कळलं होतं. त्या दिवशी त्यांनी उपास केला, कशासाठी ते सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून परात तिच्या पुढ्यात ठेवली.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर सोमला आला. बाजाराचा दिवस होता, रस्ता माणसांनी भरलेला. तो दुकानाच्या पायरीशी उभा राहिला आणि तिथूनच म्हणाला, "चाल घरी. चूक झाली."

रुपाबाई ओट्यावर बसून खलबत्त्यात ज्येष्ठमध कुटत होती. "नाही येत."

"माफी मांगून राह्यलो ना मी."

"ऐकलं. नाही येत."

रस्त्यावरचे लोक बघायला लागले होते. माणसं बघतायत हे कळलं तसा त्याचा चेहरा बदलला. मी गल्ल्याच्या बाजूला उभी होते, मला दिसलं. तो पायरी चढून वर आला आणि तिची वेणी धरली. "माही बायको आहेस तू! चाल!" तिला त्यानं ओट्यावरून खाली खेचलं, तिचं डोकं पायरीच्या कडेला आपटलं. देवेंद्रकुमार धावले, पण त्यांच्या आधीच तिनं बत्ता उचलला होता. वेणी धरलेल्या मनगटावर तिनं तो मारला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सोमलाचा हात सुटला. दुसरा घाव तिनं त्याच्या खांद्यावर मारला, आणि तिसऱ्याला बत्ता डोक्याच्या वर नेला.

तिथं सासूबाईंनी तिचा हात धरला. म्हातारं, वाळक्या काडीसारखं मनगट त्यांचं. "बस," त्या म्हणाल्या.

"सोडा मले."

"बस, रुपा. इथं नाही. माझ्या दारात नाही."

बत्ता खाली आला. रुपाबाईच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. सोमला पायरीवर बसून मोडका हात मांडीवर घेऊन कण्हत होता. सासूबाईंनी मला हळद आणि बांबूच्या कामट्या आणायला सांगितल्या आणि त्या स्वतः सोमलापाशी बसल्या. "ये, हात धर याचा, मी बांधते," त्या रुपाबाईला म्हणाल्या.

"त्याले हात लावनार नाही मी," रुपाबाई म्हणाली.

सासूबाईंनी पुन्हा सांगितलं नाही. मीच सोमलाचा हात धरला. बांधून झाल्यावर त्याला पाणी दिलं. तो जाताना रुपाबाईकडे बघत होता. ती ओट्यावर सांडलेली पूड हातानं गोळा करत होती. त्या संध्याकाळी मी सासूबाईंना विचारलं, की तिनं तीन घाव घातले असते तर? त्या म्हणाल्या, "दोन घातले हेही मला पाप वाटते, राजमती. आणि एकही घातला नसता तर ती मेली असती, हेही दिसते. मला यातलं उत्तर येत नाही." मग सूर्य मावळायच्या आत जेवून घेतलं.

तांड्याच्या नायकानं पंचायत बसवली. सोमलानं सगळं कबूल केलं, आणि रुपाबाईला लग्नातून मोकळीक मिळाली. हिरीबाईनं मात्र तिथंच सगळ्यांना सांगितलं की मी पोराकडे राहणार नाही. "बिबा घरात म्या ठेवला," ती म्हणाली, "आता मी तिच्याजवळ राह्यतो." सासू आणि सून कारंज्यात सरकीच्या गोदामामागे एका खोलीत राहू लागल्या. हंगामात जिनिंगमध्ये कामाला जात, बाकीचे दिवस रुपाबाई आमच्याकडे. दोघी पूर्वीसारख्याच भांडत. सोमलानं दुसरं लग्न केलं, म्हणे. त्याची बातमी कुणी आणली की हिरीबाई ऐकून घेई आणि रुपाबाई उठून आत जाई.

तिच्या ओठावर ताप मुतायचा थांबला नाही. जळालेल्या कातडीत आता काही कळत नव्हतं. मुंग्या येत त्या डागाच्या कडेला, आणि पुळ्या तिथं उठत. ती स्वतःच बोटानं तूप लावी आणि कामाला लागे. सत्याहत्तरला सासूबाई गेल्या. परात रुपाबाईनं चालू ठेवली. लोक तिला तूपवाली म्हणू लागले.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात एक जोडपं आलं, मेडशीकडचं. बाई कोवळी, नवीन लग्न झालेली असावी, पदरानं तोंड झाकून. नवरा पुढं होऊन रुपाबाईला म्हणाला, "हिच्या ओठाले हे कायनं झालं ते सांगा आंधी. दवाई मंग."

त्याच्या विचारण्यात काय होतं ते मलाही कळलं, मग रुपाबाईला कळणारच. तिनं बाईचा पदर बाजूला केला, पुळ्या बघितल्या.

"उन्हानं," ती म्हणाली. "ताप आलता का हिले?"

"आलता. पन माह्या घरी कोनालेच नाही असं. माही माय म्हनते—"

"तुही माय काय म्हनते ते मले नोको सांगू."

"तुमाले काय ठाव? हे असं एकाचं दुसऱ्याले लागते म्हनतात."

रुपाबाई उठली. तिनं त्याच्या सदऱ्याची गळपट्टी धरली आणि त्याला ओट्याच्या कडेपर्यंत ओढत नेलं, जिथं ऊन होतं, आणि आपलं तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. तो मागे सरकू लागला, पण तिनं सोडलं नाही.

"हे कायनं झालं, हे इचार," ती म्हणाली. "इचार ना. ऊन नाही, ताप नाही. तुह्यासारख्यानं काही न इचारता केलं हे. त्याचा हात आता भाकर मोडत नाही. समजलं?"

त्यानं मान हलवली. तिनं गळपट्टी सोडून त्याचा सदरा हातानं नीट केला, जणू मघाशी तो तिनंच चुरगळला नव्हता, आणि परत येऊन बाईपुढे बसली.

"लागते," ती बाईला म्हणाली, हळू आवाजात. "एकाच्या गिलासातलं पेलं तरी लागते. मायचं लेकरालेही लागते. लहानपनी कोनीतरी मुका घेतला असीन तुहा. त्यात काही नाही. हे लाव, दिवसातून चार-पाचदा, बोट धुवून लाव. खपली काढू नोको. त्यानं काही म्हनलं तर मायच्या गावची एसटी नाही, कारंज्याची धरजो. मी इथंच असतो."

बाईनं डबी घेतली. नवऱ्यानं पैसे काढले, ते रुपाबाईनं त्याच्याकडून न घेता बाईच्या हातून घेतले. दोघं बाजाराच्या गर्दीत गेली, तो पुढे आणि ती मागे. रुपाबाई पायरीवर उभी राहून बघत होती. वळणावर तो थांबला, बायको जवळ येईपर्यंत उभा राहिला, आणि मग दोघं बरोबर दिसेनाशी झाली.

"पानी आना," रुपाबाई आत येत मला म्हणाली. "अर्धं तूप तसंच पडून आहे."